चार विषय, एक अर्ज: टीम ग्रँट मिळेपर्यंतची पावणेतीन वर्षं

११ जुलै २०२५ला दुपारी अकाउंट्स विभागाचा दोन ओळींचा मेल आला: "पहिला हप्ता जमा झाला आहे. प्रोजेक्टचं खातं आजपासून वापरता येईल." मी तो चौघांच्या ग्रुपवर टाकला आणि बराच वेळ खुर्चीत नुसती बसून राहिले. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेलं काम तिथवर यायला पावणेतीन वर्षं लागली होती. या काळात मला सारखं वाटायचं, की आधी या वाटेने गेलेल्या कुणीतरी तारखा-वारांसकट सगळं सांगावं. संशोधनाच्या बातम्यांत 'निधी मिळाला' एवढंच एक वाक्य असतं. त्याच्या मागचं सगळं इथे लिहिते आहे.

आम्ही चौघं. मी सूक्ष्मजीवशास्त्राची. दुसरा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, तिसरी द्रवगतिकीतली मेकॅनिकल इंजिनिअर, चौथा संख्याशास्त्रज्ञ. चार वेगळ्या संस्था, आणि प्रत्येकाची स्वतःची प्रयोगशाळा किंवा गट सुरू होऊन पाच वर्षांपेक्षा कमी काळ झालेला. विषय साधा दिसणारा: पाण्याच्या पाइपच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर जो बुळबुळीत थर लागतो, तो. त्याला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू स्वतःभोवती चिकट जाळं विणतात आणि त्यात राहतात, त्यामुळे नुसत्या क्लोरीनने ते सहज मरत नाहीत. थर डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाइप न कापता, दोन इलेक्ट्रोडमधून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचा अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडून, त्याला होणाऱ्या विरोधावरून हा थर कोवळा असतानाच ओळखता येईल का, हा आमचा प्रश्न.

ओळख झाली ती एका पाच दिवसांच्या निवासी कार्यशाळेत, ऑक्टोबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात. या प्रकाराला सँडपिट म्हणतात. ब्रिटनच्या ईपीएसआरसी या निधीसंस्थेने ही पद्धत रूढ केली: वेगवेगळ्या विषयांतले वीस-तीस लोक एकत्र कोंडायचे, सोबत काही अनुभवी मार्गदर्शक द्यायचे आणि पाच दिवसांत नव्या जोड्या जुळू द्यायच्या. अमेरिकेत रिसर्च कॉर्पोरेशन फॉर सायन्स ॲडव्हान्समेंट ही संस्था २०१०पासून 'सायलॉग' नावाने असंच काही करते. तिथे नवोदित प्राध्यापकांनी आधी कधी सोबत काम न केलेल्या लोकांबरोबर टीम करायची असते आणि छोटा बीजनिधी लगेच मिळतो. आमच्या कार्यशाळेत निधी नव्हता, फक्त ओळखी होत्या. पहिले दोन दिवस मी आपल्याच विषयाच्या लोकांशेजारी बसले आणि ते दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शेजारी द्रवगतिकीवाली होती. मी बायोफिल्मबद्दल बोलत होते आणि तिने विचारलं, "तुझ्या पाइपमधलं पाणी किती वेगाने वाहतं?" मला उत्तर येत नव्हतं. सहा वर्षं मी बायोफिल्मवर काम करत होते आणि पाणी नुसतं 'वाहतं' ठेवत होते. त्या एका प्रश्नावरून पुढचं सगळं सुरू झालं.

फेब्रुवारी २०२३मध्ये एका आंतरविद्याशाखीय निधीची अर्जमागवणी आली. निधीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत. अटी अशा: तीन वर्षांचा प्रकल्प, टीममध्ये तीन ते पाच जण, किमान तीन विषय, सगळ्यांची पीएचडी होऊन १० वर्षं झालेली नसावीत. आईपणासाठी प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची सूट. टप्पे दोन: आधी दोन पानी पूर्वप्रस्ताव, निवड झाली तर २० पानी पूर्ण प्रस्ताव.

पहिलीच अडचण पात्रतेची. द्रवगतिकीवालीची पीएचडी कटऑफ तारखेला १० वर्षं ४ महिने जुनी होती. तिला एक मुलगी आहे, म्हणजे सवलतीत ती आरामात बसत होती, पण त्यासाठी जन्मदाखला आणि संस्थेचं रजेचं पत्र लागत होतं. पत्र मिळायला १९ दिवस लागले. संस्थेच्या नमुन्यात रजेच्या तारखा होत्या, कारण नव्हतं आणि निधीसंस्थेला कारण हवं होतं. म्हणून सांगते, टीम ठरली की त्याच आठवड्यात प्रत्येकाची पीएचडीची तारीख, पहिल्या स्वतंत्र नेमणुकीची तारीख आणि रजा एका कागदावर मांडा. विज्ञान नंतर लिहिता येतं, शिक्क्याचं पत्र ऐनवेळी मिळत नाही.

पूर्वप्रस्ताव ३० मार्च २०२३ला गेला. तो लिहायला आम्हाला नऊ दिवस लागले आणि मजाही आली. १४ जूनला पूर्ण प्रस्तावाचं निमंत्रण आलं. त्या संध्याकाळी आम्हाला वाटलं, अर्धं काम झालं.

खरं तर तिथून चूक सुरू झाली. त्या दिवसांत प्रत्येकाला आपापली कामं होती, म्हणून आम्ही वाटणी केली. पाच पानं तुझी, पाच माझी. मी बायोफिल्म लिहिलं, त्याने सेन्सर, तिने प्रवाह, चौथ्याने विश्लेषण. ऑगस्टच्या शेवटी मी चारही फाइली एकत्र केल्या, आकृत्यांचे क्रमांक लावले, भाषा सारखी केली. वाचताना कुठेतरी खटकत होतं, पण प्रत्येक भाग आपापल्या जागी उत्तम होता आणि दुसऱ्याच्या विषयात बोट घालायची कुणाची हिंमत नव्हती. मलाही वाटायचं, मी कोण इंजिनिअरला सांगणार?

शेवटचे दहा दिवस विज्ञानाला मिळालेच नाहीत. अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे संस्था इमारत-वीज-कारभारासाठी ग्रँटमधून जो वाटा घेते, तो निधीसंस्था १० टक्क्यांपर्यंतच देत होती आणि माझ्या संस्थेचा नियम २० टक्क्यांचा होता. उरलेल्या दहाची माफी हवी तर विभागप्रमुख, मग संशोधन कार्यालय, मग वित्त अधिकारी अशा तीन टेबलांवरून पत्र फिरवावं लागलं. २३ दिवस गेले. शेवटची सही ५ सप्टेंबरला संध्याकाळी मिळाली, मुदत ७ तारखेची. पोर्टलवर अर्ज भरण्याचा अधिकार फक्त मुख्य अर्जदाराच्या संस्थेच्या अधिकृत सहीवाल्या व्यक्तीला होता आणि ती व्यक्ती सहाला रजेवर जाणार होती. आम्ही पाचच्या रात्रीच अर्ज दाखल करायला लावला. चाचणी म्हणून फाइल चढवली तर ती आकाराच्या मर्यादेबाहेर गेली, आकृत्या पुन्हा लहान करून घातल्या. तुम्ही अर्ज करत असाल तर ही अधिकृत व्यक्ती कोण, तिची रजा कधी आणि तिच्या गैरहजेरीत सही कोण करतं, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आणि मुदतीची वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, तेही.

मी तेव्हा तासांची नोंद ठेवत होते. पहिल्या पूर्ण प्रस्तावाला माझे ३१ कामाचे दिवस लागले, चौघांचे मिळून ७४. पुढे वाचनात आलं, की ऑस्ट्रेलियात २०१२च्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्जांचा असा हिशेब झाला होता. नव्या प्रस्तावाला सरासरी ३८ दिवस, आणि त्या वर्षीच्या सगळ्या अर्जांना मिळून सुमारे ५५० मनुष्यवर्षं. त्यांतले जेमतेम पाचातले एक अर्ज मंजूर झाले. हे आधी माहीत असतं तर मी तेवढे दिवस कॅलेंडरमध्ये आधीच राखून ठेवले असते. झालं असं, की ते माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याच्या वेळेतून गेले. दोघांचे लेख त्या वर्षी माझ्यामुळे अडले, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९ जानेवारी २०२४ला नकार आला. तीन समीक्षकांचे अहवाल. पहिला जीवशास्त्रातला: जीवशास्त्र ओळखीचंच आहे. दुसरा इंजिनिअरिंगमधला: सेन्सर काही नवा नाही. तिसऱ्याने लिहिलं होतं, की 'सॅम्पलची संख्या कशाची आहे हे कळत नाही आणि चार भाग एकमेकांशी बोलत नाहीत'. चार विषयांच्या प्रस्तावाला संख्याशास्त्राचा एकही समीक्षक नेमलेला नव्हता. यावर मी चिडून बरंच काही लिहिलं होतं आणि पाठवलं नाही. पण तक्रार खरी आहे. प्रत्येक समीक्षक आपल्या चौकटीतून पाहतो आणि त्याच्या चौकटीत आमचा एक-चतुर्थांशच प्रस्ताव मावतो. हे आमच्यापुरतंच नाही, हे नंतर कळलं. २०१६मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या एका योजनेचे पाच वर्षांतले १८,४७६ प्रस्ताव तपासले होते. प्रस्ताव जितका अधिक आंतरविद्याशाखीय, तितकी मंजुरीची शक्यता कमी.

तो आठवडा वाईट गेला. आमच्यातल्या प्रत्येकाचा नेमणूक कायम होण्याचा काळ चालू होता आणि चौघांच्याही विभागप्रमुखांनी कमी-अधिक शब्दांत तेच सुचवलं: आधी आपल्या विषयात पाय रोवा, मग इतरांकडे बघा. संख्याशास्त्रज्ञाने तर सांगितलंच, "मला पुढच्या वर्षी समितीसमोर जायचंय. लेखकांच्या यादीत मध्ये असलेलं नाव तिथे धरत नाहीत." त्याचं चुकीचं नव्हतं. नवख्यांच्या टीमपुढची खरी अडचण मला तरी हीच वाटते. आम्हाला पैशांइतकंच हेही हवं असतं, की या कामात घातलेली वर्षं कुणीतरी मोजावीत.

पुन्हा अर्ज करायचा का, यावर आम्ही फेब्रुवारीत तीनदा बोललो. एक गोष्ट निर्णायक ठरली. द्रवगतिकीवालीची पीएचडी पुढच्या कटऑफला ११ वर्षं ४ महिन्यांची होणार होती आणि सवलतीसकट मर्यादा साडेअकरा वर्षांची. फक्त दोन महिन्यांच्या फरकाने ती बसत होती. तिसरी संधी नव्हती. याच सुमारास मी आणखी एक अभ्यास वाचला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे केलेले जे अर्ज थोडक्यात हुकले आणि जे थोडक्यात मंजूर झाले, अशा नवोदितांची पुढची दहा वर्षं त्यात तपासली होती. हुकलेल्यांपैकी काही जण त्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडले, पण जे टिकले त्यांचं काम पुढे मंजूर झालेल्यांपेक्षाही अधिक ठसा उमटवणारं निघालं. आम्ही थोडक्यात हुकलो होतो की चांगलेच, हे आम्हाला माहीत नव्हतं. गुण कळवले नव्हते. तरी त्या लेखाने बळ दिलं.

मार्चमधल्या एका शनिवारी तिसऱ्या समीक्षकाचं वाक्य घेऊन बसलो. प्रस्तावातल्या तक्त्यात एक ओळ होती: 'सॅम्पल: २४'. मी सहज म्हटलं, "यात न कळण्यासारखं काय आहे? २४ सॅम्पल म्हणजे २४ सॅम्पल."

"म्हणजे दिवसाला २४ ना?" इंजिनिअर म्हणाला. "तासाला एक रीडिंग."

द्रवगतिकीवाली म्हणाली, "थांबा. मी पाइपच्या लांबीवरचे २४ बिंदू धरलेत. माझी सगळी गणितं त्यावर आहेत."

माझ्या मनात होते पाइपचे कापलेले २४ तुकडे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. संख्याशास्त्रज्ञ गप्प होता. त्याने विचारलं, "हे २४ तुकडे किती पाइपांतून कापणार?"

"चार. प्रत्येकातून सहा."

"मग तुझं सॅम्पल २४ नाहीच. चार आहे. एका पाइपचे सहा तुकडे म्हणजे एकाच घरातली सहा भावंडं. ती स्वतंत्र मोजता येत नाहीत."

कॉलवर शांतता पसरली. सहा महिने आम्ही एकच तक्ता वाचत होतो आणि चौघांना त्यात चार वेगळे प्रयोग दिसत होते. तिसऱ्या समीक्षकाने ते बाहेरून पाहिलं होतं. त्या दिवशी तीन तास बोललो आणि प्रयोगाची रचनाच बदलली: १२ स्वतंत्र पाइप, प्रत्येकातून दोन तुकडे. तुकडे तेवढेच, पण आता त्यांतून काही सिद्ध करता येणार होतं. त्याची किंमत अशी, की पाइपांचे संच तिप्पट, पंप तिप्पट, जागाही तिप्पट. बजेट पहिल्यापासून मांडावं लागलं.

त्या शनिवारपासून आम्ही एक शब्दांची वही सुरू केली. साधी स्प्रेडशीट: डावीकडे शब्द, पुढे चार रकाने, प्रत्येकाने आपला अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा. 'कंट्रोल' म्हणजे माझ्यासाठी जिवाणू न घातलेला पाइप, इंजिनिअरसाठी पाण्याचा वेग कायम राखणारं सर्किट. 'मॉडेल' म्हणजे माझ्यासाठी प्रयोगशाळेत वाढवायला सोपी जिवाणूची जात, द्रवगतिकीवालीसाठी समीकरणं, संख्याशास्त्रज्ञासाठी रिग्रेशन, म्हणजे आकड्यांमधले संबंध शोधायची पद्धत. 'नॉइज' तर चौघांचा चार प्रकारचा. मी ज्याला नॉइज म्हणून टाकून देत होते, ते तापमानाच्या चढउतारामुळे येत होतं आणि इंजिनिअरला नेमकं तेच हवं होतं. महिन्याभरात ३० शब्द झाले. आम्हाला जे सांगायचं होतं ते यातूनच हाती आलं: चार विषयांच्या मधली जागा कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती, म्हणून तिथलं काम होत नव्हतं. ते काम प्रस्तावात काम म्हणूनच लिहायचं, त्याला वेळ द्यायचा आणि पैसेही लावायचे, असं ठरलं.

पहिल्या बजेटात पगार ४१ टक्के, उपकरणं ३८ टक्के, प्रवास ४ टक्के होता आणि समन्वयासाठी शून्य. तेव्हा वाटलं होतं, समन्वयावर पैसे मागितले तर उधळपट्टी दिसेल. दुसऱ्या वेळी आम्ही ९ टक्के त्यासाठी लिहिले: एक अर्धवेळ समन्वयक, दर सहा महिन्यांनी चौघांच्या गटांची आठवडाभराची भेट, आणि प्रत्येक पोस्टडॉकने (पीएचडीनंतर ठरावीक काळ काम करणारा संशोधक) आणि विद्यार्थ्याने पहिले सहा आठवडे दुसऱ्या विषयाच्या प्रयोगशाळेत काढायचे. आधाराला कमिंग्ज आणि कीस्लर यांचा २००७चा अभ्यास दिला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतल्या ४९१ सहप्रकल्पांत त्यांना दिसलं होतं, की सहभागी विद्यापीठं जितकी जास्त, तितके समन्वयाचे प्रयत्न कमी आणि हाती येणारी निष्पत्तीही कमी. नऊ टक्के काढले कुठून? महागडा सूक्ष्मदर्शक सोडला. माझ्या संस्थेतल्या सामायिक यंत्रावर तासाच्या भाड्याने काम करायचं ठरवलं. मला ते जड गेलं, नाही म्हणत नाही. नव्या प्रयोगशाळेला स्वतःचं यंत्र म्हणजे मोठा आधार असतो.

लिहिण्याची पद्धतही उलटी केली. पहिला मसुदा प्रत्येकाने दुसऱ्याच्या विषयाचा लिहिला. सेन्सरचा भाग मी लिहिला, बायोफिल्मचा संख्याशास्त्रज्ञाने. मूळ तज्ज्ञाने फक्त दुरुस्त्या करायच्या. वेळ दुप्पट गेला असेल, पण माझ्या मसुद्यातला जो परिच्छेद इंजिनिअरने लाल केला, तो समीक्षकालाही कळला नसता, हे आधीच समजलं.

लेखकांच्या नावांचा प्रश्न आम्ही अर्जाआधीच कागदावर आणला. कुठल्या लेखात पहिलं नाव कुणाचं, शेवटचं कुणाचं, डेटा कुठे राहील, कुणी मध्येच बाहेर पडलं तर त्याच्या कामाचं काय. योगदान नोंदवायला क्रेडिट नावाची पद्धत वापरली. तिच्यात १४ भूमिका आहेत आणि संकल्पनेपासून निधी मिळवण्यापर्यंत सगळं वेगळं नोंदवता येतं. दोन पानांचा हा करार करताना अवघडल्यासारखं झालं. मैत्रीत असं विचारायचं का, असं वाटायचं. पण संख्याशास्त्रज्ञाच्या विभागप्रमुखांनी तो वाचला आणि त्याच आधारावर, या प्रकल्पातलं योगदान नेमणुकीच्या मूल्यमापनात धरलं जाईल, असं पत्र दिलं. मग आम्ही बाकीच्या तिघांनीही आपापल्या विभागातून तसं पत्र मागितलं. दोघांना मिळालं, एकाला नाही. तीनच जोडली.

पूर्वप्रस्ताव एप्रिल २०२४मध्ये, पूर्ण प्रस्ताव ५ सप्टेंबरला गेला. या वेळी अप्रत्यक्ष खर्चाची माफी मी मे महिन्यातच घेऊन ठेवली होती. तिसऱ्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "या वेळी वेळेवर आलात." जैवसुरक्षा समितीचा अर्जही आधीच टाकला, कारण तिची बैठक दोन महिन्यांतून एकदा असते. समीक्षकांची नावं सुचवायची मुभा होती, तिथे आम्ही मुद्दाम दोन विषयांत काम केलेली माणसं सुचवली. शिवाय हितसंबंधांच्या यादीत, म्हणजे समीक्षक म्हणून कोण चालणार नाही त्या यादीत, चौघांचेही जुने सहलेखक भरायचे होते, त्या यादीलाच दोन दिवस गेले.

प्राथमिक निष्कर्ष मागितले होते आणि आमच्याकडे फारसे नव्हते. हा नवीन टीमपुढचा पेच आहे. एकत्र काम केलं नाही म्हणून तर निधी मागतो आहोत, आणि एकत्र केलेल्या कामाचा पुरावा आधी द्यायचा. सगळे निधी असे नसतात. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम ही १९८९मध्ये स्थापन झालेली स्ट्रासबर्गची संस्था जीवविज्ञानाच्या मूलभूत प्रश्नांवर वेगवेगळ्या देशांतल्या टीमना निधी देते, प्राथमिक निष्कर्षांची अट घालत नाही आणि नवोदितांसाठी तिचा वेगळा गट आहे. आमचा प्रश्न उपयोजनाकडे झुकणारा, त्यामुळे तिथे बसला नसता. तुमचा बसत असेल तर जरूर पाहा. आम्ही मात्र आपापल्या जुन्या साहित्यातून एक पाइप, एक उसना पंप आणि हाताने झाळलेले दोन इलेक्ट्रोड जोडून ११ दिवसांचा एकच प्रयोग केला. आलेख ओबडधोबड होता. त्याखाली आम्ही स्पष्ट लिहिलं: 'एकच पाइप, म्हणून यावरून निष्कर्ष नाही, मोजता येतं एवढंच दिसतं.'

नोव्हेंबरमध्ये मुलाखत झाली, ऑनलाइन. दहा मिनिटं मांडणी, वीस मिनिटं प्रश्न. आम्ही सरावात एक नियम केला होता: प्रश्न ज्याच्या विषयाचा, त्याने शेवटी बोलायचं. प्रत्यक्षात तो पुरता पाळता आला नाही, पण पाइपांच्या संख्येवरचा प्रश्न आला तेव्हा मी उत्तर दिलं, भावंडांच्या उदाहरणासकट. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्यापैकी एक जण दुसरीकडे नोकरीला गेला तर?" नवोदितांच्या टीमला हा प्रश्न येणारच, कारण या वयात माणसं जागा बदलतातच. कराराचं ते कलम आम्ही वाचून दाखवलं. मग त्यांनी शब्दांच्या वहीबद्दल विचारलं. त्यातले आठ शब्द आम्ही प्रस्तावात तक्ता म्हणून घातले होते. सगळ्यात जास्त वेळ त्यावर गेला.

१७ जानेवारी २०२५ला होकार आला. मागितलेल्या रकमेत आठ टक्के कपात होती आणि कुठे कापायचं ते आम्ही ठरवायचं होतं. पहिला विचार मनात आला तो समन्वयाच्या पैशांचाच. चौघांनाही. मग उपकरणांतून कापलं.

होकारानंतर लगेच पैसे येतात, असं मला वाटत होतं. लागले जवळजवळ सहा महिने. चार संस्थांमधला सामंजस्य करार हा त्याचा मुख्य भाग. आधीपासूनची बौद्धिक संपदा कुणाची, प्रकल्पातून होणारी कुणाची, पेटंटचा खर्च कोण करणार. एका संस्थेच्या कायदा विभागाला प्रत्येक लेख प्रसिद्धीपूर्वी ९० दिवस तपासायला हवा होता. नवोदितासाठी ९० दिवस फार असतात. मसुदा सात वेळा इकडून तिकडे गेला आणि ३० दिवसांवर तडजोड झाली. या काळात पोस्टडॉकसाठी निवडलेली पहिली उमेदवार वाट पाहून दुसरीकडे गेली. तिला दोष कसा देणार? मंजुरीपत्र येताच कराराचा मसुदा स्वतःच फिरवायला लागा, निधीसंस्थेच्या नमुन्याची वाट पाहू नका. आणि जाहिरात देताना नेमणुकीची तारीख पैसे जमा होण्यावर अवलंबून आहे, हे उमेदवाराला पहिल्याच बोलण्यात सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं.

करार २० जूनला सही झाला, पैसे ११ जुलैला आले. पहिला खर्च १२ पाइप आणि १२ पंपांचा. दुसरी पोस्टडॉक १ सप्टेंबरला रुजू झाली. ती सूक्ष्मजीवशास्त्रातली आहे आणि पहिले सहा आठवडे इंजिनिअरच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड झाळायला शिकली. वहीत आता ६१ शब्द आहेत, शेवटचे चार तिने घातलेले. गेल्या सोमवारी बारा पाइपांतून पाणी सोडलं. पाण्याचा वेग किती, हे आता पाटीवरच लिहिलेलं असतं. पाइप अजून स्वच्छ आहेत. पहिला तुकडा पाचव्या दिवशी कापायचा आहे.